तीन अ‍ॅप, तीन आकडे, मग रोज खायचं तरी किती?

पत्राचा सारांश: वय ३४, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६८ किलो. दिवसभर बसून काम, आठवड्यातून चार संध्याकाळी पाऊण तास चालणं. कॉलेज संपलं तेव्हा वजन ५४ होतं, परत तिथेच यायचंय. तीन अ‍ॅपमध्ये माहिती भरली तर एकाने रोजच्या १२०० कॅलरी सांगितल्या, दुसऱ्याने १५८०, तिसऱ्याने २०९०. "जितकं कमी तितकं लवकर" म्हणून १२०० धरल्या. पहिल्या दहा दिवसांत दोन किलो उतरले आणि नंतर पाच आठवडे काटा हललेला नाही. शनिवार-रविवार नोंद करत नाहीत, "तेवढी सुट्टी हवीच". चिडचिड वाढलीय, थंडी वाजते, रात्री अकराला किचनमध्ये डबे उघडले जातात. मनगटावरचं घड्याळ म्हणतं रोज २४०० जळतात, म्हणजे हिशोबाने महिन्याला साडेचार किलो कमी व्हायला हवे होते. ऑफिसमधली मैत्रीण यांच्यापेक्षा जास्त खाते आणि बारीकच आहे. प्रश्न असे: कुठलं अ‍ॅप बरोबर? तिशीनंतर माझा मेटाबॉलिझम बिघडलाय का? आता १००० वर जाऊ का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, कारण हे वाचेपर्यंत तुम्ही कदाचित सुरूही केलं असेल. १००० वर जाऊ नका. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तर नाहीच, आणि तुमच्या बाबतीत तर त्याची गरजही दिसत नाही, ते पुढे कळेलच.

आता ती तीन अ‍ॅप. तुम्हाला वाटतंय की त्यातलं एक खरं बोलतंय आणि दोन खोटं. मी तुमचे आकडे घेऊन हिशोब करून बघितला, आणि गंमत अशी की तिन्ही अ‍ॅप बहुतेक एकच फॉर्म्युला वापरतायत. मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं एक समीकरण आहे, १९९० सालचं, जवळपास पाचशे माणसांची आरामात पडून असतानाची ऊर्जा मोजून काढलेलं. वजन किलोमध्ये गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, आणि शेवटी बाईसाठी वजा १६१, पुरुषासाठी अधिक ५. तुमचं येतं १३४९. म्हणजे दिवसभर काहीही न करता नुसतं पडून राहिलात तरी श्वास, हृदय, मेंदू, लिव्हर वगैरे चालवायला साधारण एवढं लागतं. यालाच सगळे बीएमआर म्हणतात (काटेकोर लोक इथे बीएमआर आणि आरएमआर वेगळे करतात, आपल्याला त्याची गरज नाही).

मग या आकड्याला हालचालीने गुणायचं. बैठं आयुष्य असेल तर १.२, थोडीफार हालचाल १.३७५, मध्यम १.५५, आणि असं वर १.९ पर्यंत. तुमचे १३४९ गुणिले १.२ केले तर १६१९, १.३७५ ने १८५५, १.५५ ने २०९१. आला की नाही तिसऱ्या अ‍ॅपचा २०९०? तिथे तुम्ही बहुतेक "मध्यम" टिक केलं असणार आणि वजन कमी करायचंय हे भरलंच नसणार. दुसऱ्याचा १५८० म्हणजे १८५५ मधून २७५ वजा, आठवड्याला पाव किलो कमी करायचा पर्याय. आणि पहिल्यात तुम्ही आठवड्याला एक किलो निवडलं असणार, त्याला रोज ११०० वजा करावे लागतात, म्हणजे उरतात ७५५, आणि एवढं कमी दाखवायची अ‍ॅपलाही लाज वाटते म्हणून ते १२०० वर थांबतं. म्हणजे तो १२०० तुमच्यासाठी काढलेला आकडाच नाहीये, तो तळाचा दगड आहे, तुमच्या जागी जवळपास कुठलीही बाई असती आणि तिने एवढीच घाई केली असती तर तिलाही १२०० च आले असते.

या १२०० ला वयही बरंच आहे. अमेरिकेत १९१८ च्या सुमारास एका डॉक्टरबाईंनी वजन उतरवू इच्छिणाऱ्या बायकांना हाच आकडा सांगितला आणि तो लोकप्रिय झाला, शंभर वर्षं उलटून गेली तरी तो कॅलेंडरसारखा भिंतीवर आहेच. तो कुणाला लागू पडेल? लहान चणीच्या, वय झालेल्या, फारशी हालचाल नसलेल्या बाईला कदाचित. तुम्हाला नाही.

बरं, मग फॉर्म्युला तरी खरा का? अंदाज म्हणून चांगला आहे, याआधीचा १९१९ चा हॅरिस-बेनेडिक्ट फॉर्म्युला आजच्या लोकांना थोडा जास्त आकडा देतो, त्यामानाने हा बरा. जाड नसलेल्या दहापैकी आठेक जणांना तो खऱ्या आकड्याच्या १० टक्के इकडे-तिकडे नेऊन ठेवतो. पण १३४९ चे १० टक्के म्हणजे १३५ कॅलरी, तेही पडून राहण्याच्या आकड्यात, त्याला पुढे हालचालीच्या गुणकाने गुणायचं आणि तो गुणक तर आपण स्वतःच मनाने निवडलेला असतो. स्वतःला "मध्यम ॲक्टिव्ह" समजणं फार सोपं असतं हो. तुमचं बसून काम आणि चार वेळा चालणं हे माझ्या मते १.२ आणि १.३७५ च्या मधे कुठेतरी बसतं, म्हणजे वजन आहे तिथेच ठेवायला १६२० ते १८५५. अडीचशेचा फरक राहिलाच. म्हणून मी म्हणते की फॉर्म्युल्याचा आकडा हा शिंप्याने नजरेने बेतलेल्या कापडासारखा समजा, ट्रायल घेतल्याशिवाय त्याला पक्की शिलाई घालत नाहीत. आणि ट्रायल तुमच्याच अंगावर घ्यायची असते, ती कशी ते सांगते, पण त्याआधी तुमच्या अडकलेल्या काट्याबद्दल.

तुम्ही लिहिलंय "रोज १२०० खाते तरी वजन हलत नाही", आणि चार ओळींनी लिहिलंय की शनिवार-रविवार नोंद नसते. ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवून बघितली. समजा सोमवार ते शुक्रवार तुम्ही १२०० ची नोंद केली. त्यात स्वयंपाकाचं तेल मोजलंय का? एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, जवळपास १२० कॅलरी. उभ्याउभ्या तोंडात टाकलेलं, ताटातलं उरलेलं संपवलेलं, रात्री अकराचे डबे? मी अगदी हात आखडून धरते की खरा आकडा १४०० होता. आणि पाच दिवस उपाशीपोटी काढल्यावर शनिवार-रविवारी माणूस २६०० सहज खातो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आता बेरीज करा. पाच दिवसांचे ७०००, दोन दिवसांचे ५२००, एकूण १२२००, भागिले सात म्हणजे १७४३. आणि तुमचं वजन टिकवायचा अंदाज काय होता? १६२० ते १८५५. काटा का हलत नाही याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. मेटाबॉलिझम बिघडलेला नाही, तो चोख काम करतोय.

तुमच्यावर खोटेपणाचा आरोप करतेय असं कृपया समजू नका. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशाच लोकांना तपासलं होतं, "१२०० पेक्षा कमी खातो तरी उतरत नाही" म्हणणारे दहा जण. त्यांचा मेटाबॉलिझम अपेक्षेप्रमाणेच निघाला. ते सांगत होते साधारण हजार कॅलरी, प्रत्यक्षात खात होते दोन हजारांच्या आसपास, आणि हालचाल मात्र होती त्याच्या दीडपट सांगत होते. त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं. खाणं आठवून सांगणं ही गोष्ट माणसाला जमतच नाही, जे ताटावर बसून खाल्लं ते लक्षात राहतं, बाकीचं नाही.

आणि पहिल्या दहा दिवसांतले ते दोन किलो? ते बहुतांश पाणी. आपण शरीरात ग्लायकोजेन म्हणून साखर साठवतो, एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, खाणं अचानक कमी केलं की हा साठा आणि त्याच्यासोबतचं पाणी दोन्ही उतरतात, मीठ कमी झालं की आणखी थोडं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा दहा दिवसांत तुमची खरी चरबी फार तर अर्धा-पाऊण किलो गेली असेल. वाईट हे झालं की त्या दोन किलोंनी तुम्हाला खोटा वेग दाखवला आणि मग त्याच वेगाची अपेक्षा बसली. पाळीच्या आधीही एक-दीड किलो पाणी चढू शकतं बरं का, तो आठवडा पकडून "वाढलं" म्हणून रडायचं नाही.

तिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो हे सगळीकडे ऐकू येतं, मीही ऐकत आलेय. २०२१ मध्ये सायन्स या मासिकात एक मोठा अभ्यास आला, आठवडाभराच्या बाळापासून नव्वदीपार गेलेल्यांपर्यंत ६४०० च्या वर माणसं, ज्यातल्या अणूंचा शरीरात माग काढता येतो असं खास पाणी पाजून शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्च करतं ते मोजलेलं. त्यात असं दिसलं की शरीराचा आकार आणि स्नायू-चरबीचं प्रमाण हिशोबात घेतलं तर २० ते ६० या वयात खर्च जवळपास सपाट राहतो, उतरण साठीनंतर सुरू होते आणि तीही वर्षाला ०.७ टक्क्याच्या आसपास. मग तिशीत वजन का वाढतं? खुर्ची, कमी झोप, घटलेले स्नायू, कमी झालेली पायपीट. पेशी म्हाताऱ्या झाल्या म्हणून नाही, निदान इतक्यात तरी नाही. हां, थायरॉइडची तपासणी कधीच केली नसेल तर करून घ्या, थंडी वाजते म्हणताय म्हणून सांगते, एका रक्ततपासणीत तो प्रश्न मिटतो.

पण थंडी, चिडचिड आणि रात्रंदिवस खाण्याचे विचार यांचं दुसरंही कारण आहे आणि ते मला जास्त जवळचं वाटतं, तुम्ही आठवड्यातले पाच दिवस उपाशी आहात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने २४ आठवडे त्यांच्या गरजेच्या जवळपास निम्म्या खाण्यावर ठेवलं होतं. धडधाकट मुलं, पण थंडी वाजायला लागली, चिडचिडी झाली, तासन् तास खाण्याबद्दलच बोलायला लागली. त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा मोठा होता, दिवसाला साधारण १५७०, पण त्यांची गरजही खूप मोठी होती. सांगायचा मुद्दा एवढाच की रात्री अकराला डबे उघडणं हा तुमच्या इच्छाशक्तीचा दोष नाही, तो १२०० चा परिणाम आहे आणि शनिवार-रविवारचे २६०० हा पण त्याचाच परिणाम. कमी खाल्ल्याने लवकर होतं हे गृहीतक इथेच फसतं, कारण पाच दिवसांचं उणं दोन दिवसांत फेडलं जातं आणि हातात फक्त त्रास उरतो.

घड्याळाचं सांगते. ठोके ते बऱ्यापैकी मोजतं, कॅलरी मात्र नाही. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली होती, त्यातलं सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा कॅलरींमध्ये सरासरी २७ टक्के चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्के. तुमचे २४०० बघा, फॉर्म्युला म्हणतो १८५५ च्या आत. शिवाय पाऊण तास भरभर चालल्याने तुमच्या वजनाला निव्वळ जादा दीडशेक कॅलरी जातात, आठवड्यातून चार वेळा म्हणजे दिवसाची सरासरी काढली तर नव्वदही नाही. आणि गुणक निवडताना तुम्ही ते चालणं एकदा मोजलेलंच असतं, मग घड्याळ बघून "आज तीनशे जास्त जळल्या, तेवढं खाते" केलं की तेच चालणं दोनदा मोजलं जातं. घड्याळ ठेवा, पावलं बघा, कॅलरीचा चौकोन स्क्रीनवरून काढून टाका.

मैत्रिणीबद्दल दोनच वाक्यं. एकाच बांध्याच्या दोन माणसांच्या रोजच्या खर्चात व्यायाम सोडून नुसत्या उठबस, उभं राहणं, जिने, चुळबुळ यांनीही प्रचंड फरक पडू शकतो, टोकाला दिवसाला २००० कॅलरींपर्यंत असं या विषयावर काम करणारे डॉ. जेम्स लेव्हिन सांगतात. आणि तुम्ही तिला फक्त ऑफिसात जेवताना बघता.

आता ट्रायल.

पुढचे चार आठवडे वजन कमी करायचं नाही. हो, हेच जड जाणार आहे तुम्हाला. साधारण १७०० च्या आसपास खा, सातही दिवस, सुट्टीचे दोन दिवस धरून, आणि सगळं लिहा. अचूक नसलं तरी चालेल पण एकाच पद्धतीने लिहा. जमलं तर छोटा किचनचा वजनकाटा आणा, कारण वाटी आणि चमचा प्रत्येक घरात वेगळा. धान्य कच्चं मोजलं तर नोंदही कच्च्याची निवडा, १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशे कॅलरी असतात आणि १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३० च्या आसपास, ही एक गफलत अख्ख्या दिवसाचा हिशोब उलटा करते. रोज सकाळी उठल्यावर, टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी वजन करा आणि विसरून जा, बघायची फक्त आठवड्याची सरासरी. रोजच्या आकड्याने मूड जात असेल तर दुसऱ्या कुणाला तरी लिहून ठेवायला सांगा.

चार आठवड्यांनी असं काहीतरी हातात असेल, हे मी उदाहरण म्हणून घेतेय. खाण्याची सरासरी १७००. पहिल्या आठवड्याची वजनाची सरासरी ६८.०, चौथ्याची ६७.८. म्हणजे या दोन सरासरींमधल्या २१ दिवसांत २०० ग्रॅम कमी. ०.२ गुणिले ७७०० म्हणजे १५४०, भागिले २१ म्हणजे रोजचे सुमारे ७३. याचा अर्थ तुम्ही रोज गरजेपेक्षा ७३ कमी खात होतात, तेव्हा तुमचा मेंटेनन्स म्हणजे वजन आहे तिथे ठेवणारा आकडा झाला साधारण १७७०. वजन वाढलं असेल तर तेवढं वजा करायचं. हा आकडा कुठल्याही अ‍ॅपपेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि त्यात एक मोठी सोय आहे. समजा तुम्ही नोंदीत नेहमीच १५ टक्के कमी लिहिता. काही बिघडत नाही! कारण येणारा १७७० सुद्धा तुमच्याच चुकीच्या मापात आलेला असतो, पुढे त्याच चुकीच्या मापाने १५०० मोजले तरी फरक बरोबरच पडतो. फक्त चूक रोज सारखी हवी, सोमवारी प्रामाणिक आणि शनिवारी आंधळी असं नको. चार आठवडे म्हणतेय ते पाळीमुळे, महिन्याचा एक पूर्ण फेरा त्यात यायला हवा, पाळी नसलेल्यांना तीन आठवड्यांतही अंदाज येतो.

तसंही पाकिटावरचे आकडे कुठे काटेकोर असतात. प्रोटीन आणि कार्ब्जला ग्रॅममागे ४, फॅटला ९ हे एकोणिसाव्या शतकाअखेरीस अ‍ॅटवॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामातून आलेले सरासरी आकडे, आजही तेच वापरतात. बदामांचं मोजून बघितलं तर शरीराला प्रत्यक्षात मिळतात त्यापेक्षा लेबल बऱ्याच जास्त दाखवतं, कारण चावूनही त्यातलं काही तेल तसंच बाहेर जातं. त्यामुळे १५०३ का १५१० यावर जीव टाकू नका, शंभराच्या आतला फरक मोजमापाच्या चुकीतच धरा. (लेबलवर किलोज्यूल असतील तर ४.२ ने भागा.)

मेंटेनन्स कळला की त्यातून १५ टक्के कमी करा, तुमच्या उदाहरणात १५००. आठवड्याला पाव किलो उतरेल, कधी थोडं जास्त. हळू वाटतं ना? पण गेल्या पाच आठवड्यांत शून्य उतरलंय, त्यापेक्षा हे पाचपट आहे म्हणावं तर शून्याची पाचपटही शून्यच, असो, सव्वा किलो उतरलं असतं एवढंच म्हणते. सुट्टीच्या दिवशी जास्त खायचं असेल तर आठवड्याचं मिळून १०५०० धरा, पाच दिवस १४०० आणि दोन दिवस १७५०, हा माझ्या मते तुमच्यासारख्यांना जमणारा मार्ग आहे कारण सुट्टी हिशोबाच्या आत येते. प्रोटीन ८० ग्रॅमच्या आसपास ठेवा (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून), त्याने पोट भरलेलं राहतं आणि ते पचवायलाच त्यातल्या २०-३० टक्के कॅलरी खर्ची पडतात. आणि चालण्याच्या चारपैकी दोन संध्याकाळी वजनं उचला, नाहीतर उतरणाऱ्या किलोंमध्ये स्नायूही जातात. संध्याकाळी सहाला काहीतरी पोटभरीचं खा, म्हणजे अकराचे डबे आपोआप कमी होतील.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण मी विचारते. ५४ च का? तो आकडा विशीतल्या मुलीचा आहे, तिचं आयुष्य, तिची झोप, तिचं चालणं वेगळं होतं. तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजायचं माप) २५ च्या आत यायला वजन ६४ च्या जरासं खाली आलं तरी पुरतं. वजन ५ टक्के उतरलं, म्हणजे तुमचे साडेतीन किलो, तरी रक्तदाब आणि साखरेत फायदा दिसायला लागतो. आणि दुसरी बाजू बघा. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी वजन आणि खाण्याचं जे गणित मांडलंय त्यात ढोबळ नियम असा की कायमचं उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचं खाणं साधारण २४ कॅलरींनी कायमचं कमी ठेवावं लागतं, आणि त्या बदलाचा अर्धा परिणाम दिसायलाच वर्षभर जातं, जवळपास पूर्ण दिसायला तीन वर्षं. म्हणून "रोज १०० कमी खा, दरवर्षी पावणेपाच किलो उतरतील" हा व्हॉट्सअ‍ॅपी हिशोब पुढे चुकत जातो, शेवटी चारेक किलोंवर येऊन थांबतं, कारण शरीर लहान झालं की गरजही लहान होते. ५४ साठी तुम्हाला १४ किलो गुणिले २४, म्हणजे रोजचे सव्वातीनशे-साडेतीनशे आयुष्यभर कमी, साधारण १४३०. ६२ साठी दीडशेच्या आत, साधारण १६२५. यातलं कुठलं आयुष्य तुम्हाला कंटाळा न येता जगता येईल ते तुम्ही ठरवा, मी असते तर ६२ ला थांबून वर्षभर तिथे राहून दाखवलं असतं आणि मग पुढचं बघितलं असतं.

दर तीन-चार किलोंनंतर तोच हिशोब पुन्हा करायचा, जुना १५०० कायम धरून बसायचं नाही. आणि आठ-दहा आठवडे कमी खाल्ल्यावर दोन आठवडे मेंटेनन्सवर या, त्याने काही वाया जात नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. वजन वाढवायचं असेल तरी रीत हीच, मेंटेनन्स काढा आणि २५०-३०० वर चढवा. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, वय १८ च्या आत असेल तर वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजूच नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, कारण डोस तसाच राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पाळी चुकायला लागली, चक्कर येते, केस गळतात, तर आकडा वाढवा आणि तपासून घ्या. आणि ज्यांना कधीही उपाशी राहणं, मग भरमसाट खाणं, मग उलटी काढणं असं काही झालंय त्यांनी हे मोजमाप हातात घेऊ नये, तुमच्यासाठी अ‍ॅपपेक्षा मानसोपचारतज्ज्ञ आणि डाएटिशियन दोघांची जोडी लागते. तुमच्याही बाबतीत, ताई, रात्रीचे डबे पोटभर खायला लागल्यावरही महिनाभर तसेच चालू राहिले, किंवा लपून खाल्लं जातंय असं वाटलं, तर वही तिथेच बंद करा आणि आधी त्यांना भेटा.